दुबईतील प्रदर्शनासाठी चार दिवसांचा मुक्काम आहे. परवडणारे हॉटेल कसे निवडावे?

वडोदऱ्याच्या मकरपुरा भागातील कारखान्याच्या वतीने आपण वर्ल्ड ट्रेड सेंटरमधील प्रदर्शनाला जाणार असल्यामुळे, त्याच परिसरातील महागड्या हॉटेलांऐवजी ‘बर दुबई’ या भागात, बुर्जुमान मेट्रो स्थानकापासून पायी जाता येईल असे तीन तारांकित हॉटेल घ्यावे, कारण विमानतळाचे टर्मिनल १ व ३, हे स्थानक आणि प्रदर्शनस्थळ हे सर्व मेट्रोच्या एकाच मार्गावर, रेड लाइनवर आहे. संकेतस्थळावरील दर अंतिम समजू नये. ‘टूरिझम दिरहम’ हे शुल्क अशा हॉटेलात प्रत्येक खोलीमागे दर रात्री १० दिरहम असून ते बहुधा तिथेच भरावे लागते. कंपनीच्या नावाने बिल मिळेल याची ईमेलवर लेखी खात्री करून घ्यावी. न्याहारीसाठी मात्र जादा पैसे मुळीच देऊ नयेत. त्या भागात वडोदऱ्याच्या माणसाला रुचतील अशी शाकाहारी उपाहारगृहे पुष्कळ आहेत.