मेव्हनने (जावाचं बिल्ड टूल) जार (प्रोग्रामची एकत्र बांधलेली फाइल) बनतो, पण चालवला की नोक्लासडेफफाउंडएरर (लागणारा क्लास सापडला नाही अशी चूक) येतो, काय करू?

अरे कोड ठीकच आहे तुझा. डॅश जार देऊन चालवलं ना की जावा तुझं डॅश सीपी (क्लासपाथ, म्हणजे क्लास कुठे शोधायचे ती यादी) बघतच नाही, फक्त त्या जारच्या मॅनिफेस्टमधली (जारच्या आतली माहितीची फाइल) क्लासपाथची ओळ वाचतं, आणि बिल्ड करताना मेव्हन सगळे जार स्वतःच जोडतो म्हणून तिथे काही कळतच नाही. इथे इंदूरला पलासियाच्या ऑफिसात मी यात दोन रात्री घालवल्यात, म्हणून कळकळीने सांगतोय. एकतर मेव्हनचं शेड प्लगिन लाव, ते लागणारे सगळे जार एकाच जारमध्ये भरतं, नाहीतर डॅश जार काढून डॅश सीपीत तुझा जार आणि लिब स्लॅश स्टार (लिब फोल्डरमधले सगळे जार) दे (जावा 6 पासून चालतं) नि मेन क्लासचं पूर्ण नाव लिही. सीपीतल्या त्या दोघांच्या मध्ये विंडोजवर अर्धविराम, लिनक्सवर कोलन, आणि लिनक्सवर सीपीतलं सगळं अवतरणात टाक बरं का.