बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या हौशी मंडळींनी एकत्रित मागणीसाठी कोणता मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्रॅम करून सेन्सर, दिवे वगैरे चालवता येणारा छोटा सर्किट बोर्ड) निवडावा?

किती बोर्ड घ्यायचे हे ठरवण्याआधी सर्वांसाठी एकच बोर्ड निश्चित करावा, कारण वेगवेगळे बोर्ड मागवल्यास घाऊक दराचा लाभ जातोच, शिवाय एकमेकांचे प्रोग्रॅम तपासून देणेही अवघड होते. माझी शिफारस रास्पबेरी पाय पिकोची आहे. 2021 मध्ये आलेल्या या बोर्डावर 264 केबी रॅम आहे, तर आर्डुइनो उनो आर3 या दुसऱ्या बोर्डावर केवळ 2 केबी. मात्र पिकोच्या पिना 3.3 व्होल्टच्या असल्याने 5 व्होल्टचे सिग्नल देणारे सेन्सर त्यांना थेट जोडू नयेत. त्यासाठीचे लेव्हल कन्व्हर्टर (5 व्होल्टचा सिग्नल 3.3 व्होल्टवर आणणारे छोटे सर्किट) याच मागणीत घ्यावेत. हेडर पिना (बोर्डाला तारा जोडण्यासाठीच्या धातूच्या पिनांच्या रांगा) आधीच जोडलेल्या आहेत का, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे, कारण नवशिक्यांना सोल्डरिंगच अडवते. पार्सल बेळगावातील एकाच पत्त्यावर मागवावे आणि खानापूर-निपाणीला वाटे पाठवण्यापूर्वी प्रत्येक बोर्ड यूएसबीला जोडून तपासावा.