क्योतोहून उजीला एका दिवसात माचाचे पदार्थ खाऊन होतात का? सोबत आई आहे, शुद्ध शाकाहारी.

होतात की, अगदी आरामात. उजी म्हणजे क्योतोजवळचं माचासाठी, म्हणजे हिरव्या चहाच्या बारीक पुडीसाठी, प्रसिद्ध गाव. मी ओसाकाला राहते आणि घरी भारतातून कोणी आलं की त्यांना उजीला नेतेच.

क्योतो स्टेशनवरून जेआर नारा लाइन पकडा, मियाकोजी रॅपिड मिळाली तर वीसेक मिनिटं, लोकलने अर्धा तास. सकाळी लवकर निघा कारण बरीच दुकानं पाचच्या सुमारास बंद व्हायला लागतात आणि शनिवार-रविवारी रांगा खूप असतात. स्टेशनजवळच नाकामुरा तोकिची आहे, १८५४ पासूनचं दुकान, गर्दी असेल तर तिथे आधी नंबर लावून ठेवा.

आता माझं एकच सांगणं, आणि ते खरंच ऐका. सॉफ्ट आइस्क्रीमपासून सुरुवात करू नका. ब्योदोइन मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावलोपावली हिरवे कोन दिसतात, होजिचा (भाजका हिरवा चहा) भाजल्याचा वास सुटलेला असतो, मोह होणारच, पण एकदा का जीभ दूध-साखरेत बुडाली की नंतर चांगला माचासुद्धा नुसता कडू लागतो. म्हणून आधी साधा माचा प्या. ब्योदोइनला लागून नदीकाठी ताइहोआन म्हणून नगरपालिकेचं चहाघर आहे, तिथे समोर घुसळून देतात, सोबत मोसमातली एक मिठाई. मिठाई आधी खायची, मग चहा. आईंना खाली बसणं जमत नसेल तर खुर्चीची सोय आहे का ते आत शिरतानाच विचारा.

तो माचा पिताना कळतं की चांगल्या माचात कडूपणाच्या आधी एक वेगळीच गोडसर, भरलेली चव येते. खुडणीआधी साधारण वीस दिवस किंवा जास्त मळ्यांवर आच्छादन घालून ऊन अडवतात, त्यामुळे ही चव देणारं पानातलं थियानिन टिकून राहतं आणि तुरटपणा आणणारं कॅटेचिन कमी बनतं. मग पानं वाफवून, न वळता वाळवून, देठ-शिरा काढून दगडी जात्यावर दळतात आणि एका जात्यातून तासाला जेमतेम ४० ग्रॅम पूड पडते! किंमत बघून दचकलात तर हे आठवा.

त्यानंतर ब्योदोइन बघा (त्यातला फिनिक्स हॉल १०५३ सालचा, दहा येनच्या नाण्यावर आहे तोच) आणि मग खा काय खायचं ते. नाकामुरा तोकिचीत बांबूच्या नळीतून येणारी माचा जेली मला सगळ्यात आवडते, वर आइस्क्रीम, तांदळाचे मऊ गोळे आणि गोड अझुकी (लाल कडधान्य). पण आईंसाठी जेली कुठेही घेताना विचारून घ्या, काही ठिकाणी ती समुद्री शेवाळातल्या कांतेनची असते आणि काही ठिकाणी जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांपासून बनलेली. "झेराचिन हाइत्ते इमास का" (यात जिलेटिन आहे का) एवढं म्हटलं तरी काम होतं. अंडं चालत नसेल तर केक आणि कास्तेला (जपानी स्पंज केक) बाद, पार्फेमध्येही (ग्लासातलं थरांचं आइस्क्रीम) खाली केकचे तुकडे असू शकतात. चहाचे दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे) आणि वाराबीमोची (मऊ, जेलीसारखी मिठाई) त्यांना बहुतेक चालतील.

जेवणाचं मात्र अवघड आहे. माचा सोबा दिसायला एकदम सात्त्विक पण सोबतचं सार सहसा माशाच्या दाशीचं, म्हणजे माशाच्या अर्काचं असतं, त्यामुळे आईंसाठी दशम्या-चटणी नाहीतर ठेपले पिशवीत असू द्या आणि नदीकाठच्या बाकावर बसून खा. दुपारी उशिरा माचा जास्त नको, कॅफिन चांगलंच असतं आणि रात्री झोप लागत नाही.

वेळ उरला तर उजी पूल ओलांडून त्सुएनला जा, पुलाच्या टोकालाच आहे, ११६० पासूनचं चहाचं दुकान म्हणून सांगतात.

माचाची पूड घरी न्यायची असेल तर सकाळीच घ्या, २०२४ च्या शेवटापासून मागणी इतकी वाढलीय की डबे लवकर संपतात आणि बऱ्याच दुकानांत माणशी मर्यादा असते. प्यायचा आणि स्वयंपाकाचा वेगळा मिळतो, लाडू-बर्फीत घालायचा असेल तर स्वस्तातला पुरे. छोटाच डबा घ्या, उघडल्यावर फ्रिजमध्ये घट्ट झाकून ठेवा आणि महिनाभरात संपवा, नंतर रंग आणि वास दोन्ही जातात.