सर्वच फुप्फुसमासे पाण्याविना जगू शकतात का?

तळे आटल्यावर फुप्फुसमासे चिखलात महिनोन्‌महिने कसे जगतात आणि हे सगळ्याच जातींना जमते का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण गैरसमज तिथेच होतो: आज हयात असलेल्या सहा जातींपैकी चिखलात कोश करून राहणारे मासे फक्त आफ्रिकेतील प्रोटोप्टेरस या प्रजातीत आढळतात.

पूरमैदानांवरील पाणी ओसरू लागले की हा मासा तोंडाने चिखल उकरत खाली शिरतो, शेपटी डोक्यावर घेऊन अंगाची घडी करतो आणि कातडीतून श्लेष्मा स्रवतो. श्लेष्मा सुकून त्याचा पातळ कोश बनतो व तोंडापाशी श्वासासाठी तेवढे एक छिद्र उरते. पुढे चयापचय अतिशय मंदावते आणि शरीर स्वतःच्या स्नायूंवर गुजराण करते. खरी अडचण असते ती उत्सर्जनाची. एरवी कल्ल्यांवाटे पाण्यात जाणारा विषारी अमोनिया आता बाहेर टाकता येत नाही, म्हणून त्याचे तुलनेने निरुपद्रवी यूरियात रूपांतर होते आणि पाऊस येईपर्यंत तो यूरिया शरीरातच साठून राहतो. भरपूर पाणी असतानाही या माशाला हवेसाठी पृष्ठभागावर यावेच लागते, कारण केवळ कल्ल्यांवर त्याचे भागत नाही. वर येऊ दिले नाही, तर तो बुडून मरतो.

दक्षिण अमेरिकेतील लेपिडोसायरनही चिखलात बीळ करतो, परंतु कोश विणत नाही. विणीच्या काळात त्याच्या नराच्या मागील परांवर रक्तवाहिन्यांनी भरलेले झुबकेदार तंतू उगवतात, ही मला या साऱ्या गटातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

ऑस्ट्रेलियन फुप्फुसमासा मात्र अगदी निराळा आहे. त्याला एकच फुप्फुस असते, तो मुख्यतः कल्ल्यांनीच श्वास घेतो आणि कोरड्या चिखलात तग धरू शकत नाही. क्वीन्सलंडमधील मेरी व बर्नेट या त्याच्या मूळ नद्यांत त्याला बारमाही, संथ पाणी हवे असते आणि अंडी घालण्यासाठी पाणवनस्पतींची दाटी लागते. धरणाच्या जलाशयात पातळी सतत वरखाली होत असल्याने काठच्या या वनस्पती टिकत नाहीत. म्हणूनच मेरी नदीवरील नियोजित ट्रॅव्हस्टन धरणाला तेथील केंद्र सरकारने 2009 मध्ये परवानगी नाकारली, तेव्हा दिलेल्या कारणांत या माशाचाही समावेश होता.