वाचकांचे प्रश्न : मोठ्या श्वापदासाठी गोळी कशी निवडावी?

प्रश्न : स. न. वि. वि. माझे जावई नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला स्थायिक झाले आहेत. लिंपोपो प्रांतातील एका खासगी राखीव क्षेत्रात ते रीतसर परवान्याने आफ्रिकी रानरेड्याच्या शिकारीला जाणार असून त्यांनी मलाही बोलावले आहे. रायफल तेथील व्यावसायिक शिकारीच देणार आहेत आणि ती .३७५ होलंड अँड होलंड मॅग्नम आहे. काडतुसांवरून मात्र मतभेद आहेत. जावई म्हणतात की नरम टोकाची, पसरणारी गोळी घ्यावी; त्यांच्या मित्रांचा आग्रह आहे की रानरेड्याला घन गोळीशिवाय पर्याय नाही. मी शाळेत असताना .२२ रायफलने नेमबाजी केली आहे, पण जनावरावर कधी बार टाकलेला नाही. कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : पहिला बार मजबूत बांधणीच्या पसरणाऱ्या गोळीचा आणि त्यामागची मॅगझिनमधील सर्व काडतुसे घन, म्हणजे न पसरणाऱ्या, गोळीची, दोन्हींचे वजन ३०० ग्रेन, ही विभागणी तुमच्या कामासाठी मला सर्वांत योग्य वाटते. यात तुमच्या जावयांचेही म्हणणे राहते आणि त्यांच्या मित्रांचेही. परंतु ही विभागणी का करायची हे समजून घेतल्याशिवाय ती पाळू नका, कारण प्रत्यक्ष रानात जनावर कोणत्या अंगाने उभे राहील हे आधी कोणीच सांगू शकत नाही.

पूर्ण वाढलेला नर रानरेडा सहाशे ते साडेआठशे किलो वजनाचा असतो. .३७५ची ३०० ग्रेनची गोळी जेमतेम साडेएकोणीस ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने निघते. एवढीशी गोळी एवढ्या जनावराला धक्क्याने पाडू शकत नाही, मग काडतुसाच्या डब्यावर ऊर्जेचा आकडा कितीही मोठा छापलेला असो. काळीज, त्यावरच्या मोठ्या रक्तवाहिन्या, दोन्ही फुप्फुसे किंवा मेंदू आणि मणका यांपैकी कशापर्यंत तरी गोळी पोचली तरच जनावर लवकर मरते. अन्यथा ते जायबंदी होऊन दाट झुडपात शिरते, तासन्‌तास वेदना भोगते आणि माग काढत येणाऱ्या माणसावर चालून येते. आफ्रिकेत रानरेड्याने माणसे मारल्याच्या हकीकतींमध्ये आधी जखमी झालेले जनावर वारंवार आढळते. म्हणून गोळी निवडताना विचारायचा प्रश्न एकच : जाड कातडे, फऱ्याचे हाड आणि रुंद फासळ्या यांतून सरळ जाऊन, न फुटता, ती आतल्या मर्मापर्यंत पोचेल का?

हे पोचणे तीन गोष्टींवर ठरते आणि त्यांतील पहिली म्हणजे गोळीची लांबी व वजन. गोळीचे पौंडांतील वजन आणि तिच्या इंचांतील व्यासाचा वर्ग यांच्या गुणोत्तराला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. .३७५ व्यासाच्या ३०० ग्रेन गोळीसाठी ते .३०५ येते, ४०० ग्रेनच्या .४१६ रिग्बीसाठी .३३० आणि ५०० ग्रेनच्या .४५८ विंचेस्टरसाठी .३४१. मोठ्या आणि धोकादायक श्वापदांसाठी .३०० किंवा त्याहून अधिक असावे असा अनुभवी शिकाऱ्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. कॅरामोजो बेल या नावाने प्रसिद्ध असलेल्या डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतले बरेचसे अवघ्या ७ मिलिमीटर व्यासाच्या रायफलने मारले, ही गोष्ट लहान बोअरच्या समर्थनार्थ नेहमी सांगितली जाते. त्या रायफलची लांबलचक १७३ ग्रेन घन गोळी काढून गणित केले तर गुणोत्तर .३०६ येते, म्हणजे तुमच्या .३७५इतकेच. बेल यांची गोळी बारीक होती, पण आत शिरण्यात ती कमी नव्हती, आणि हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासून मेंदूवरच नेम धरण्याचे त्यांचे कसब असामान्य होते. त्यांचे अनुकरण कोणी करू नये. आज अनेक आफ्रिकी देशांत धोकादायक श्वापदांसाठी .३७५ किंवा ९.३ मिलिमीटर ही किमान मर्यादा ठरलेली आहे, आणि ती योग्यच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग, आणि येथे नवख्या माणसाची हमखास फसगत होते, कारण वेग वाढला की परिणाम वाढतो असे त्याला वाटते. हलकी, पातळ कवचाची गोळी अतिवेगाने हाडावर आदळली की पृष्ठभागापाशीच फुटून तिचे तुकडे होतात. बाहेरून जखम भयंकर दिसते, पण आतील अवयव शाबूत राहतात. ब्रिटनचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे बंधू जॉर्ज ग्रे १९११ साली पूर्व आफ्रिकेत सिंहाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडले. त्यांच्या हातात .२८० रॉस ही त्या काळची अतिवेगवान रायफल होती आणि अगदी जवळून झाडलेल्या तिच्या हलक्या गोळ्या चालून येणाऱ्या सिंहाला थांबवू शकल्या नाहीत. सिंहाचे कातडे रानरेड्याच्या मानाने पातळ असते, हे लक्षात घेतले तर पुढचा निष्कर्ष तुम्हीच काढू शकाल.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोळीची बांधणी. जुन्या पद्धतीच्या नरम टोकाच्या गोळीत तांब्याच्या मिश्रधातूचे कवच आणि आत शिसे असते. टोकाशी शिसे उघडे ठेवलेले असल्याने ते आघाताने अळंबीच्या छत्रीसारखे पसरते. पसरणे चांगले, पण किती पसरावे आणि कोठे थांबावे यावर ताबा नसेल तर कवच व शिसे वेगळे होतात आणि गोळी अर्ध्या वाटेत संपते. अमेरिकेतील जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये मूस या महाकाय हरणावर नेमका हाच अनुभव आला आणि त्यांनी मधोमध तांब्याची भिंत असलेली पार्टिशन गोळी तयार केली : पुढचे शिसे पसरते, भिंतीमागचे तसेच राहून आत ढकलत नेते. पुढे स्विफ्ट ए-फ्रेममध्ये ही भिंत ठेवून पुढचे शिसे कवचाला चिकटवून टाकले गेले. ट्रॉफी बाँडेड बेअर क्लॉ आणि ऑस्ट्रेलियातील वुडलीची वेल्डकोअर या गोळ्याही कवच आणि शिसे एकजीव करण्याच्या तत्त्वावर आहेत. बार्न्सच्या टीएसएक्स गोळीत शिसेच नाही. ती अखंड तांब्याची असून टोकाच्या पोकळीमुळे पाकळ्यांसारखी उमलते आणि आपले बहुतेक सर्व वजन टिकवते. यांपैकी कोणतीही तुमच्या पहिल्या बारासाठी चालेल. डब्यावर फक्त 'सॉफ्ट पॉइंट' लिहिलेले आणि हरणांसाठी विकले जाणारे स्वस्त काडतूस मात्र कृपया घेऊ नका.

मग पहिलाच बार घन गोळीचा का नको? कारण रानरेडे कळपाने असतात. पूर्वी पोलादी कवच असलेली आणि आता बहुधा अखंड पितळेची किंवा तांब्याच्या मिश्रधातूची केलेली घन गोळी आडव्या उभ्या असलेल्या रेड्याच्या छातीतून आरपार जाऊन मागच्या दुसऱ्या जनावराला जखमी करू शकते. पसरणारी गोळी बहुतेक वेळा पलीकडच्या कातड्याखाली थांबते आणि आत अधिक रुंद जखम करते. पण बार झाला की कळप फुटतो, जखमी रेडा वळून पळतो किंवा तुमच्याकडे येतो. दोन्ही वेळा गोळीला लांबचा आणि अवघड रस्ता कापायचा असतो. मागून गेलेल्या गोळीला ओल्या, चावलेल्या गवताने गच्च भरलेल्या पोटातून छातीपर्यंत जावे लागते आणि तेथे पसरणारी गोळी हमखास अडकते. समोरून येणाऱ्याच्या मेंदूकडे किंवा मानेच्या मणक्याकडे जाताना शिंगांच्या बुडाशी असलेले जाड आवरण आणि हाड असते. तेथे घन गोळीच हवी, आणि घन गोळ्यांतही सपाट टोकाची घ्यावी, कारण गोल टोकाची गोळी आत गेल्यावर आडवी होऊन दिशा सोडण्याची शक्यता अधिक असते.

हत्तीविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी विषय निघाला म्हणून सांगतो : तेथे पहिल्यापासून शेवटपर्यंत घन गोळीच वापरतात, कारण त्याच्या कवटीचे पोकळ्यांनी भरलेले जाड हाड पसरणाऱ्या गोळीला मेंदूपर्यंत पोचूच देत नाही.

एक काम शिकारीला निघण्याआधी नक्की करा. दोन्ही प्रकारच्या गोळ्या एकाच वजनाच्या असल्या तरी एकाच जागी लागतील याची खात्री नसते. तेथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी, जी रायफल हाती मिळणार आहे त्याच रायफलने, पन्नास मीटरवर दोन्ही काडतुसे कागदावर झाडून पाहा. टेकू देऊन झाल्यावर तिपाई काठ्यांवर आणि मग उभ्याने झाडा. .२२ला धक्का जवळजवळ नसतो, .३७५ला तो चांगलाच असतो, आणि धक्क्याच्या भीतीने घोडा ओढताना डोळे मिटले तर उत्तमातली उत्तम गोळी पोटात बसते. आडवा उभा असलेल्या रेड्याचा नेम पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात धरावा. त्याचे काळीज आपल्या अंदाजापेक्षा खाली आणि पुढे असते. बरोबरचे व्यावसायिक शिकारी 'थांबा' म्हणाले तर थांबावे, मग परवान्याचे पैसे वाया गेले तरी चालेल.

प्रश्न : आमच्या उसात बिबट्याचा वावर आहे आणि मजूर तोडणीला यायला घाबरतात. माझ्याकडे शेतीच्या संरक्षणासाठी परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. बिबट्यासाठी कोणते काडतूस ठेवावे?
— एक शेतकरी वाचक, निफाड

उत्तर : कोणतेही नाही. तुमची आणि मजुरांची भीती खरी आहे, परंतु बिबट्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तो माणसाच्या जिवाला धोका ठरला असेल तरी त्याला पकडण्याचा किंवा मारण्याचा निर्णय कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांचा असतो. पीकसंरक्षणाचा शस्त्रपरवाना ती परवानगी देत नाही. शिवाय उसात जेथे चार हातांपलीकडचे दिसत नाही तेथे छऱ्याच्या बाराने जखमी झालेला बिबट्या आधीच्या बिबट्याहून कितीतरी अधिक धोकादायक होतो. वनविभाग पिंजरा लावतो किंवा भूल देणारी डार्ट वापरतो. ही डार्ट म्हणजे उडती सुई असते आणि औषधाचे प्रमाण जनावराच्या अंदाजे वजनावरून पशुवैद्य ठरवतात. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आजच कळवा, आणि तोडणी दिवसा, गटाने, शेताच्या एका बाजूने सुरू करून दुसरी बाजू मोकळी ठेवून करा, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहील.

प्रश्न : माझ्या आजोबांची .४७० नायट्रो एक्स्प्रेस दुनळी रायफल वारसाहक्काने परवान्यासह माझ्याकडे आली आहे. तिच्याबरोबर त्या काळातील काडतुसांचा एक डबाही आहे. ही काडतुसे चाचणीसाठी झाडावीत का, आणि हल्लीच्या अखंड तांब्याच्या गोळ्या या रायफलला चालतील का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर नाही असे आहे. त्या डब्यातील काडतुसांत बहुधा कॉर्डाइट ही दारू असेल. कॉर्डाइट उष्णतेला फार संवेदनशील असते. उन्हात तापलेल्या काडतुसाचा दाब वाढतो, म्हणून भारतासारख्या देशांसाठी विलायती कारखाने दारूचे प्रमाण कमी ठेवून वेगळी काडतुसे भरत असत. इतक्या उन्हाळ्यांनंतर त्या दारूची अवस्था काय झाली असेल हे बाहेरून पाहून कळत नाही. काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारी जी टोपी असते तिच्यातील जुने रसायन नळी गंजवते, आणि दारू उशिरा पेटण्याचाही धोका असतो. आजोबांची आठवण म्हणून ती जपावीशी वाटणे साहजिक आहे, पण परवान्यावर त्यांची नोंद आहे का हे आधी पाहा आणि ती कशी जमा करायची हे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

गोळीबद्दल सांगायचे तर, दुनळी रायफलच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक वजनाच्या आणि ठरावीक वेगाच्या गोळीसाठी जुळवलेल्या असतात. .४७०साठी ते प्रमाण ५०० ग्रेन आणि सेकंदाला सुमारे ६५५ मीटर असे आहे. त्यात बदल केला की उजव्या आणि डाव्या नळीच्या गोळ्या एकमेकींपासून दूर पडू लागतात. अखंड तांब्याची किंवा पितळेची गोळी शिशाच्या गोळीसारखी दबत नाही, म्हणून जुन्या, पातळ नळ्यांच्या आट्यांवर (आतील पीळदार खाचांवर) जादा ताण येतो आणि बाहेरून आट्यांच्या खुणा उमटल्याची उदाहरणे आहेत. जुन्या दुनळीसाठी शिशाच्या गाभ्याची, जुन्या आकाराची गोळीच सुरक्षित असते. वुडलीच्या गोळ्या याच विचाराने केलेल्या आहेत. पण तीसुद्धा, बंदुकीच्या अधिकृत कारागिराने नळ्या, कुलूप आणि बिजागरी तपासल्यानंतरच.

.४७०चा बोअर असा वेगळा का, हा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी विचारला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने भारतात .४५० बोअरच्या काडतुसांवर बंदी घातली, कारण ती लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींत वापरली जातील अशी भीती होती. तोवर मोठ्या शिकारीत .४५०चाच बोलबाला होता, मग कारखान्यांनी.४६५, .४७०, .४७५ अशी काडतुसे पुढे आणली आणि त्यांतील .४७० सर्वांत टिकाऊ ठरले. त्यामुळे भारतातल्या जुन्या घराण्यांकडे आजही हा बोअर आढळतो. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमानंतर त्या रायफलीला भारतात शिकारीचे काम उरलेले नाही, म्हणून ती चालू स्थितीत ठेवायची की निकामी करून घ्यायची हा निर्णय परवान्याच्या नूतनीकरणाआधीच घ्या. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि तुमच्याकडे आधीची दोन असतील तर या तिसऱ्याबद्दल परवाना-प्राधिकाऱ्यांना ताबडतोब कळवावे लागेल.