मुलाचं बीपी कोणत्या पट्ट्यानं मोजलं?

ताई, तुमचा दहा वर्षांचा पोरगा, आधी डोकेदुखी-उलट्या, मग पाय लटपटणं, लघवी अडणं, एमआरआयमध्ये मानेपासून खाली मज्जारज्जूत सूज आणि बीपी १७०/११०. तुमचं लिहिलेलं वाचलं अन् आमच्या पोरीचीच फाईल वाचतोय असं वाटलं. मी डॉक्टर नाही, कापूसवाला माणूस आहे. औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आमचा घात बीपीच्या पट्ट्यानं केला. तालुक्याच्या दवाखान्यात आधी तर कोणी मोजेचना. "लेकराले कुठं बीपी रायते काय?" केसपेपरवर त्या जागी नुसती रेघ. लय मागं लागलो तेव्हा मोठ्या माणसाचा पट्टा तिच्या काडीसारख्या दंडाला दोन वेढे देऊन बांधला, आणि म्हणे नॉर्मल! पट्टा दंडापेक्षा मोठा असला की आकडा कमी दिसतो. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के लागते, लांबी ८० ते १०० टक्के. पोरांचा पट्टा काही सोन्याचा नसतो, पण मागणीपत्र कोण लिहिणार? साहेब मीटिंगला गेलेले.

त्या आकड्याच्या भरवशावर मायलायटिस (मज्जारज्जूचा दाह) धरून स्टिरॉइड सुरू झालं. स्टिरॉइडनं बीपी आणखी चढू शकतं. मायलायटिस खरा असला तर तेच औषध लागतं, म्हणून आपल्या मनानं बंद करू नका, फक्त "ही सूज बीपीची असू शकते काय?" हे तोंडावर विचारा. डोळ्याचा पडदा तपासायला लावा, तिथंही बीपीच्या खुणा दिसतात. बीपी आटोक्यात आलं की ही सूज बरेचदा ओसरते. पण घाईनं खाली आणत नाहीत. जेवढं उतरवायचं ठरलं त्याचा पाव हिस्साच पहिल्या आठ तासांत. आकडा लगेच उतरला नाही म्हणून नर्सताईंशी भांडू नका.

आणि बीपी वाढलं कशानं, ते शोधल्याशिवाय सुट्टी घेऊ नका. पोरांमध्ये एवढं चढलेलं बीपी असलं तर बहुतेक वेळा मूळ किडनीत असतं. आमच्या पोरीची किडनीची धमनी अरुंद निघाली, डॉप्लर सोनोग्राफीत दिसलं. दोन्ही हातांचं आणि पायाचंही बीपी मोजायला सांगा. हे सगळं सुरू व्हायच्या आधी अंगावर फोडं, चेहऱ्यावर सूज, चहासारखी लघवी झाली होती काय? तेही सांगा, न विचारता सांगा.

जाता जाता, फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरचं पोराचं नाव आजच जुळवून पाहा. आमचं एका वेलांटीवर अडलं होतं. एमआरआयची सीडी स्वतःजवळ ठेवा, नुसत्या रिपोर्टवर पुढचे डॉक्टर समाधानी होत नाहीत.

लघवीला नळी लावली आहे काय अजून?