साइड दोन ऐकल्याशिवाय डॉनी हॅथवेबद्दल मत बनवू नका (आणि पार्सल बघितल्याशिवाय सही करू नका)

तुमचं पार्सल तीन आठवडे अडकलंय हे वाचलं म्हणून बाकीचं सगळं नंतर, आधी हे. गाण्याची तबकडी कव्हरमधून बाहेर काढून, दोन्ही बाजू उजेडात तिरक्या धरून बघितल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका. समोरचा कितीही घाई करू दे, मागे रांग असू दे, नाही म्हणजे नाही.

तुम्ही लिहिलंय की डॉनी हॅथवे या अमेरिकन सोल गायकाचा 1971 चा स्टुडिओ अल्बम घेतला, आवाजाने वेड लावलं पण व्हायोलिनं फार झाली, मित्र म्हणाला लाइव्ह ऐक, तिथे हा माणूसच वेगळा आहे, म्हणून 1972 ची ‘लाइव्ह’ एलपी बाहेरून मागवली, ती अडकली, आणि तेवढ्यात त्याच्या शेवटाबद्दल वाचलंत तर आता ऐकायची हिंमतच होत नाही, तर या खटाटोपात काही अर्थ आहे का. हीच एलपी, हाच प्रश्न, माझ्या बाबतीत साल होतं 2006. म्हणून लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. तो कोण, कुठला, काय गाजलं हे तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देतो.

मी तेव्हा कोल्हापुरात होतो. अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून जुनी एलपी मागवली, पगाराच्या मानाने फार पैसे गेले. दीड महिन्याने पत्र आलं की पार्सल मुंबईत अमुक ऑफिसात आहे, बिल घेऊन या. ऑफिसचं नाव लिहीत नाही, आता तिथली माणसंही बदलली असतील. रात्रीची गाडी पकडून गेलो. पहिल्या फेरीत सांगितलं बिलाची प्रिंट चालणार नाही, विक्रेत्याच्या सहीचं पाहिजे. दुसऱ्या फेरीत सहीचं बिल नेलं तर म्हणाले जुन्या वस्तूची किंमत एवढी कशी, तुम्ही काहीतरी लपवताय. मी समजावत होतो की साहेब ही जुनी गाण्याची तबकडी आहे, जुनी आहे म्हणूनच महाग आहे, तर ते दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवायचे आणि दुसरं टेबल पुन्हा पहिल्याकडे. मे महिना होता. तिसऱ्या फेरीत भरायचे ते पैसे भरले, त्यांनी एक रजिस्टर पुढे केलं, ‘माल सुस्थितीत मिळाला’ असं आधीच छापलेलं होतं, आणि मी सही केली. पार्सल उघडून पुन्हा टेपने चिकटवलेलं दिसत होतं, तरीही केली. दोन रात्रींची झोप नव्हती, परतीची गाडी गाठायची होती, आणि खरं म्हणजे एकदाची हातात आली याचाच आनंद इतका होता की पुढचं सुचलंच नाही.

घरी येऊन उघडलं. तपासणीसाठी कुणीतरी पुठ्ठा ब्लेडने कापला होता आणि ते ब्लेड कव्हरच्या तोंडातून सरळ आत गेलं होतं. साइड दोनवर कडेपासून मधल्या लेबलपर्यंत एक लांब चरा. साइड एक एकदम स्वच्छ. साइड दोन लावली की दर फेऱ्याला टक्, आणि शेवटच्या गाण्यात तर सुई एकाच जागी अडकून तोच तुकडा पुन्हा पुन्हा. फोन केला, अर्ज केला, उत्तर एकच, तुमची सही आहे. संपला विषय.

आता यात गाण्याचं नुकसान काय झालं ते सांगतो, कारण पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं. त्या एलपीची प्रत्येक बाजू वेगळ्या ठिकाणची आहे. साइड एक लॉस एंजेलिसच्या ट्रूबाडूर क्लबमधली, ऑगस्ट 1971. साइड दोन न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या बिटर एन्डची, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली. दोन्ही छोटे क्लब, माणसं अगदी स्टेजला लागून बसलेली. मी सहा वर्षं फक्त ट्रूबाडूर ऐकत राहिलो आणि साइड एकवरून ठाम मत करून घेतलं की हॅथवेचं लाइव्ह म्हणजे लोकांना गायला लावण्याची कमाल. म्हणजे ती आहेच. ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’चे पहिले सूर पियानोवर वाजतात, गाणं ओळखून लोक ओरडतात, आणि मुखडा आला की अख्खा क्लब गातो, तो स्वतः मागे सरकून त्यांना गाऊ देतो. ‘द घेटो’ स्टुडिओत जवळपास सात मिनिटांचं आहे, इथे बारा मिनिटांच्या वर, आणि त्यातला मोठा भाग टाळ्या, काँगा (हाताने वाजवायचे ढोल) आणि लोकांचा आवाज. मी जिथे तिथे हेच सांगत सुटलो, की स्टुडिओत एकटा आवाज आणि लाइव्हमध्ये समुदाय, एवढाच फरक. लोकांशी वाददेखील घातले. अर्धीच तबकडी ऐकून.

2012 मध्ये माझी मावसबहीण न्यू जर्सीहून आली तेव्हा तिने कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून दुसरी प्रत आणली. मधल्या काळात नेटवर ऐकता आलं असतं हे खरं, पण डोक्यात पक्कं बसलं होतं की लाइव्ह मला माहितीये, त्यामुळे शोधलंच नाही. साइड दोन पहिल्यांदा सलग ऐकली त्या रात्री माझं सगळं मत फिरलं.

शेवटचं गाणं आहे ‘व्हॉइसेस इनसाइड’, 13 मिनिटं 47 सेकंद. त्यात तो जवळजवळ गातच नाही. बसून इलेक्ट्रिक पियानो वाजवतो आणि एकेका वादकाचं नाव घेऊन त्याला मोकळं सोडतो. गिटारवर माइक हॉवर्ड, मग कॉर्नेल ड्युप्री, आणि मग बेसवर विली वीक्स, ज्याची ओळख तो देशातला सगळ्यात जबरदस्त बेसवाला अशी करून देतो. तो बेसचा सोलो ऐका. घाई नाही, दाखवेगिरी नाही, एक छोटी ओळ घेऊन तीच फिरवत फिरवत वर नेलीये, आणि क्लबमधली माणसं आपल्याकडे मैफलीत समेला दाद देतात तशी मधे मधे ओरडतायत. ड्रमवर फ्रेड व्हाइट आहे, जो पुढे ‘अर्थ, विंड अँड फायर’ या बँडमध्ये गेला, तो या रेकॉर्डिंगच्या वेळी 16 वर्षांचा होता. 16! आणि काय धरून ठेवलंय त्याने, एक मात्रा हलत नाही. तर माझ्या चऱ्याखाली हे गाडलं गेलं होतं. लाइव्हमधला हॅथवे म्हणजे लोकांना गायला लावणारा गायक तर आहेच, पण त्याहून जास्त तो उत्तम साथ करणारा माणूस आहे, दुसऱ्याचं ऐकणारा. हे मला स्टुडिओ अल्बममधून कधी कळलं नव्हतं आणि साइड एकवरूनही नाही.

अजून एक. साइड दोनवरच ‘जेलस गाय’ आहे, बीटल्समधल्या जॉन लेननचं. लेननचा अल्बम सप्टेंबर 1971 मध्ये आला आणि हा ऑक्टोबरमध्ये ते क्लबमध्ये गातोय, म्हणजे गाणं जेमतेम महिना दीड महिना जुनं. लेननकडे ते संथ आणि पश्चात्तापाचं आहे, इथे चर्चमधल्या पियानोची चाल घेऊन डोलतं, तीन मिनिटांत संपतं. स्टुडिओत बसून कुणी अशी चाल ठरवली असती तर मला नाही वाटत टिकली असती, चार लोकांनी आक्षेप घेतले असते.

व्हायोलिनांबद्दल मात्र तुमच्याशी वाद घालतो. 1971 च्या अल्बममधली व्हायोलिनं कंपनीने वरून ओतलेली साखर आहे असं बरेच जण धरून चालतात, मीही धरायचो. तसं नाहीये. हा माणूस हॉवर्ड युनिव्हर्सिटीत संगीत शिकलेला, गायक म्हणून नाव होण्याआधी शिकागोत गायक कर्टिस मेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीत अरेंजर म्हणून काम केलेला. दुसऱ्यांच्या गाण्यांना वाद्यमेळ लिहून देणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता आणि त्याची हौससुद्धा. 1973 च्या ‘एक्स्टेन्शन ऑफ अ मॅन’ या अल्बमची सुरुवात ऐका, पूर्ण ऑर्केस्ट्रा आहे, पाचेक मिनिटं, ती त्याने स्वतः रचलेली आहे. म्हणजे स्टुडिओतला हॅथवे कागदावर लिहिणारा आणि क्लबमधला जागच्या जागी सुचणारा, दोन्ही तोच. आपल्या जुन्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या) तबकड्यांवर सव्वातीन साडेतीन मिनिटांत राग आटपावा लागायचा म्हणून आपण म्हणतो की खरा गवई मैफलीत ऐकावा, ते आपल्या गायकांच्या बाबतीत बरोबर आहे, पण तोच नियम इथे डोळे मिटून लावू नका. इथे रेकॉर्ड ही तडजोड नव्हती. (माझं मत. न पटणारे लोक भेटलेत आणि त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.)

आता शेवटाबद्दल, ज्याने तुमची हिंमत गेली. त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा मानसिक आजार) होता, निदान साधारण या एलपीच्याच सुमारास झालं, पुढे दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या, गोळ्या कधी नीट चालल्या कधी बंद पडल्या, 1973 नंतर जिवंतपणी एकही स्वतंत्र स्टुडिओ अल्बम आला नाही. 13 जानेवारी 1979 ला न्यूयॉर्कमध्ये वारला, 33 व्या वर्षी. हे माहीत झाल्यावर प्रत्येक सुरात दुखणं ऐकू यायला लागतं, मला ठाऊक आहे, ‘व्हॉइसेस इनसाइड’ (आतले आवाज) नावाचं गाणं आणि त्याचा आजार यांची सांगड घालून लिहिलेलं मीही वाचलंय. कृपा करून ते करू नका. ते गाणं 1970 च्या अल्बमवर आधीच होतं. शब्द ऐका, कळेल.

मी डॉक्टर नाही, पण माझा एक चुलतभाऊ गेली कित्येक वर्षं याच आजाराच्या गोळ्यांवर आहे म्हणून थोडं हक्काने बोलतो. आजारी माणूस चोवीस तास आजार नसतो. भाऊ उत्तम कॅरम खेळतो, आणि जिंकला की आम्ही त्यात आजार शोधत नाही, खेळतो चांगला म्हणून जिंकला. ट्रूबाडूरच्या त्या रात्री हॅथवे आनंदात आहे, अगदी स्पष्ट ऐकू येतंय, हसू ऐकू येतंय, लोक गायला लागल्यावर त्याचा आवाज कसा खुलतो ते बघा. तो आनंद खरा होता. पुढे साडेसात वर्षांनी काय झालं ते त्या रात्रीला माहीत नव्हतं आणि ऐकताना आपणही ते तिथे न्यायचं कारण नाही. लोक म्हणतात की दुःख होतं म्हणून एवढं चांगलं गायला, याचा मला फार राग येतो. आजाराने त्याच्याकडून गाणी काढून घेतली, दिली नाहीत. 1973 नंतरची ती रिकामी वर्षं बघा, हिशोब तिथे आहे.

आता किरकोळ गोष्टी. पुढच्या वेळी विक्रेत्याला सांगा की तबकडी कव्हरच्या आत न ठेवता तिच्या कागदी पिशवीत घालून कव्हरच्या मागे ठेव, वर खाली जाड पुठ्ठा. प्रवासात कव्हरची शिवण फाटत नाही आणि कुणी तोंडाशी ब्लेड चालवलं तरी तबकडी वाचायची शक्यता वाढते. किंमत खरी लिहायला सांगा, ‘गिफ्ट’ वगैरे लिहून घेऊ नका, अडकलं की तुम्हीच खोटे पडता. बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा दोन्हीच्या तीन तीन प्रती. पार्सल घेताना पुन्हा चिकटवलेली टेप दिसली तर तिथेच उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत उघडा, आणि काही दिसलं तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने तसं लिहा. नियम आता बरेच बदललेत, माझा अनुभव जुना आहे, तेव्हा फी किती, कागद कुठले हे माझ्यावर विसंबून ठरवू नका, सध्या मागवणाऱ्या कुणाला तरी विचारा.

आणि तुम्ही विचारलंय की ‘अ साँग फॉर यू’ लाइव्ह कसं वाटतं, तर ते या एलपीवर नाहीये, उगाच शोधत बसाल. ते त्याच्या मृत्यूनंतर 1980 मध्ये आलेल्या ‘इन परफॉर्मन्स’ या लाइव्ह अल्बमवर आहे. पण ती नंतर घ्या. यूट्यूबवर तुटक तुटक गाणी ऐकून आधीच जीव भागवू नका, आणि ‘द घेटो’ची मधेच विरत जाणारी छोटी आवृत्ती एखाद्या निवडक गाण्यांच्या सीडीवर मिळाली तर तिला लाइव्ह ऐकलं असं मोजू नका.

पार्सल हातात आलं, दोन्ही बाजू स्वच्छ निघाल्या, की माझ्यासाठी एक करा. साइड दोन आधी लावा. फोन बाजूला ठेवा, घरात कुणी असेल तर त्यांनाही बसवा, शेवटच्या गाण्याची पावणेचौदा मिनिटं मधे उठू नका. आणि अजून काही दिवसांनीही ते ऑफिस टोलवाटोलवी करत असेल तर इथे लिहा, मी तेव्हा केलेल्या अर्जांचा मजकूर जपून ठेवलाय, तुमच्या उपयोगाचा असेल तर टाइप करून पाठवतो.